भरतीला टाकलेला नारळ

॥ श्री ॥

स्केरीज, जि. डब्लिन
३ जून २००२

ती. अण्णांना,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी घसा खरवडून विचारत होते की पासपोर्टचं काय झालं, आणि तुम्ही पलीकडून सांगत होतात की अजून पाऊस नाही, उकाड्यानं जीव नकोसा झालाय. तेवढ्यात माझं कार्ड संपलं. तुमच्या कानाला मशीन लावा म्हटलं की तुम्हाला राग येतो, तेव्हा आपली पत्रंच बरी. पत्रात तरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

ब्लँचर्डस्टाउनचं घर सोडून आम्ही मार्चमध्ये इथं समुद्राकाठी आलो. विशालचं ऑफिस तिकडेच राहिलं. तो रोज गाडी हाकत जातो आणि संध्याकाळी मला ऐकवतो की समुद्रच बघायचा होता तर भिंतीवर कॅलेंडर लावायचं होतंस. पण तीन वर्षं मी दुकानं आणि पार्किंगशिवाय काही पाहिलं नव्हतं हो अण्णा. इथं सकाळी खिडकी उघडली की मासळीचा वास येतो. पहिल्या दिवशी तो आला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. आईची आठवण आली, दुसरं काय. घर भाड्याचंच आहे, काळजी नसावी. दोन वर्षं काढू आणि परत येऊ, हे ठरलेलंच आहे.

आता तुमच्या कामाची बातमी. गावापुढे समुद्रात तीन-चार बेटं आहेत आणि लांब दोन खडकांवर एक दीपगृह, रॉकअबिल नावाचं. एका टोकाला गोल दगडी बुरूज आहे. नेपोलियन येईल या धास्तीनं इंग्रजांनी असे बुरूज सगळ्या किनाऱ्यावर बांधले, नेपोलियन काही आला नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या बुरुजाजवळच्या खडकावर संत पॅट्रिकचं पाऊल उमटलेलं आहे. हे संतमहाराज समोरच्या बेटावर राहायचे आणि त्यांची एक बकरी होती. ते धर्मप्रचाराला गेले असताना स्केरीजच्या लोकांनी बकरी चोरून खाल्ली म्हणे. महाराज चिडले, एका ढांगेत मधल्या बेटावर आणि दुसऱ्या ढांगेत या खडकावर आले. लोकांनी साफ कानावर हात ठेवले, तशी त्यांची वाचाच गेली. कबूल करेपर्यंत सगळं गाव बें बें करत होतं.

ही हकिगत मला मिसेस डगननं सांगितली. ही आमची शेजारीण, सत्तरीची. किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू गोळा करणं हा तिचा छंद. तिचं सगळं काही ग्रँड असतं. हवा ग्रँड, गुडघा ग्रँड, नवरा वारला तेव्हाही म्हणे शेवट ग्रँड झाला.

सिंधुदुर्गावरच्या महाराजांच्या पावलाच्या ठशावर तुम्ही एवढं लिहिलंत, मग हे पाऊल नको का पाहायला? पुढच्या उन्हाळ्यात याच. रेवती सहा वर्षांची झाली. तुमच्याशी मराठीत बोलेल असं वचन देते, म्हणजे देते असं इंग्रजीत सांगते.

कळावे. मायेत खंड नसावा.

आपली,
गिरिजा


॥ श्री ॥

मालवण
१९ जून २००२

चि. सौ. गिरिजास,
अण्णांचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाऊसही पोचला. माझ्या कानाबद्दल जे लिहिलंस ते दुर्लक्षित केलं आहे.

तुझ्या पत्रात इतिहास कमी आणि बकरी जास्त आहे. चौतीस वर्षं ज्यानं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला त्याच्या मुलीनं पाऊल 'उमटलेलं आहे' एवढ्यावर थांबावं? डावं की उजवं? बोटांची दिशा कुठे? संतमहाराज समुद्रातून आले असतील तर बोटं जमिनीकडे हवीत. समुद्राकडे असतील तर ते आले नव्हते, बकरी खाऊन निघाले होते, असा निष्कर्ष काढावा लागेल. मोजून कळव. आणि मिसेस डगनना विचार की ही हकिगत प्रथम कुणी नोंदवली.

इकडे माझं बाळूशी वाजलं. बाळू आता होडीतून प्रवाशांना किल्ल्यावर नेतो आणि वाटेत सांगतो की किल्ल्यातल्या विहिरीतून भुयार निघतं ते थेट रायगडाला. मी त्याच होडीत बसलो होतो. मी म्हटलं, बाळू, तू माझा विद्यार्थी, नकाशावर रायगड दाखव. सगळे प्रवासी हसले. तेव्हापासून तो मला किल्ल्यावर फुकट नेतो, अट एकच, किल्ला येईस्तोवर मी तोंड उघडायचं नाही.

पासपोर्टचा अर्ज भरला. फोटोत मी पाकीटमारासारखा दिसतो. पुढच्या उन्हाळ्याचं तेव्हा पाहू. पाऊस, गुडघे, घराची कौलं, सगळं बघावं लागतं. तुम्ही लोक नक्की केव्हा परत येताय तेवढं कळव. दोन वर्षं म्हणजे २००४ धरू का? गेल्या खेपेस तू दोन वर्षं लिहिलंस तेव्हा १९९९ साल होतं.

विशालरावांस आशीर्वाद. रेवतीस पापा. आमची आठवण ठेवत जा.

अण्णा


॥ श्री ॥

स्केरीज
२५ ऑगस्ट २००२

ती. अण्णांना,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

पाऊल मोजलं. डावं की उजवं हे देवालाच ठाऊक, कारण त्यात पाणी साचलेलं असतं आणि शेजारी पोहायला आलेले लोक टॉवेल वाळत टाकतात. बोटं बहुधा जमिनीकडे आहेत. संतमहाराजांवरचा आळ टळला.

परवा नारळी पौर्णिमा झाली. आई गेल्यापासून मी या दिवशी काही करत नव्हते. यंदा समुद्र दारातच, म्हटलं करू. डब्लिनमधल्या बाजारातून नारळ आणला. आपल्या बंदरावर सोन्याचा नारळ सोडतात म्हणून विशालच्या वाढदिवसाच्या चॉकलेटांचे सोनेरी कागद त्याला गुंडाळले, हळदकुंकू वाहिलं आणि रेवतीला घेऊन धक्क्यावर गेले. एक कोळी जाळं नीट करत बसला होता, त्यानं विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, समुद्राला देतेय. त्यानं मान हलवून ग्रँड म्हटलं आणि टोपी काढून हातात धरली. त्या माणसाच्या त्या वागण्यानं मला फार बरं वाटलं.

काय मागितलं ते सांगते. आपल्याकडे नारळ सोडला की होड्या समुद्रात लोटतात, तसं अण्णांना इकडे येऊ दे, एवढंच मागितलं. घर नको, पगार नको. माझ्या ओट्याशी तुम्ही स्टुलावर बसून चहा फुर्र करून प्यावा, तो आवाज या घरात एकदा व्हावा, असं मला सारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेले तर शेवाळात नारळ पडलेला. तोच. कागद गेला होता, कुंकवाचा डाग होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर जंतू मोजते, शकुन-अपशकुन मानत नाही. तरी वाटलं, समुद्रानं परत केला अण्णा. मी त्याला हातसुद्धा लावला नाही, मान खाली घालून घरी आले. विशाल म्हणाला की पत्ता चुकला असेल. हसायचं म्हणून हसले.

तुम्ही येणार ना? खरं सांगा.

तब्येतीस जपावे. लोभ असाच पाठीशी असू द्यावा.

आपली,
गिरिजा


॥ श्री ॥

मालवण
६ सप्टेंबर २००२

चि. सौ. गिरिजास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. नारळ किती वाजता टाकलास ते तू लिहिलं नाहीस, पण मला इथं बसून दिसतंय. तू भरतीला टाकलास. बंदरावर वाढलेली मुलगी भरतीच्या पाण्यात नारळ टाकते आणि तो परत आला म्हणून रडत बसते. अगं, ओहोटी लागल्यावर टाकायचा असतो, पाणीच घेऊन जातं. समुद्रानं काही परत केलेलं नाही. गावात भरतीचं कोष्टक मिळत असेल, ते आणून स्वयंपाकघरात लाव.

शिवाय तुला एक सांगतो. त्या दिवशी मीही बंदरावर होतो. इथं नेहमीसारखी झुंबड, नारळ लढवणाऱ्या पोरांचा गोंधळ, ढोल. मी एका बाजूला उभा राहून आपला नारळ सोडला आणि मागितलं की गिरिजेला परत आण. म्हणजे एकाच दिवशी एकाच साहेबाकडे बापलेकीचे उलटसुलट अर्ज गेले. त्यानं कुठला मंजूर करायचा?

पासपोर्ट आला आहे. कपाटात आहे. गणपती चार दिवसांवर आले. तुझी आई होती तेव्हा मोदकांना उकड मी काढायचो आणि श्रेय तिला जायचं. आता उकड काढायला कुणी सांगत नाही, तेव्हा विकतचे आणीन.

रेवतीला सांग, आजोबांना मराठीत एक तरी ओळ लिही. चुका चालतील. काळजी करू नये, विसरूही नये.

अण्णा


॥ श्री ॥

स्केरीज
१६ सप्टेंबर २००२

ती. अण्णांना,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

कोष्टक आणलं, प्रेसच्या दारावर लावलं. प्रेस म्हणजे इथं कपाट, इस्त्री नव्हे. मी त्या दिवशी ऐन भरतीला गेले होते, तुमचं बरोबर.

पण पुढे जे झालं ते वाचा आणि मला सांगा मी काय करू. इथं सप्टेंबरात गावोगाव आपला जुना ठेवा दाखवायचा आठवडा असतो. मिसेस डगननं चर्चच्या हॉलमध्ये एक टेबल मांडलं होतं. बंदराचे जुने फोटो, फुटक्या गलबताचा कंदील, जाळी तरंगती ठेवायचे हिरव्या काचेचे गोळे. आणि मधोमध, निळ्या मखमलीवर, माझा नारळ. खाली तिच्या सुबक अक्षरात पाटी: हा नारळ उष्ण कटिबंधातून महासागराच्या प्रवाहाबरोबर हजारो मैल वाहत आमच्या किनाऱ्यास लागला. कुंकवाचा डाग म्हणजे जहाजाचा गंज असावा, असंही होतं.

लोक वाकून वाकून बघत होते. एका गृहस्थानं तर त्या एवढ्याशा नारळानं काय काय वादळं पाहिली असतील म्हणून डोळे पुसले. मिसेस डगननं मला पुढे ओढून सगळ्यांना सांगितलं की हिच्या देशात हे झाडावर लागतात, हिला विचारा. सगळे माझ्याकडे बघू लागले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. फार सुंदर आहे, एवढं म्हटलं आणि घरी पळाले. विशालला सांगितलं तर तो रात्री जेवणापर्यंत बें बें करत होता. रेवतीनंही सुरू केलं.

कसं सांगू हो तिला? ती इतकी खूश आहे. आता तो नारळ तिथून वाचनालयाच्या काचेच्या पेटीत जाणार आहे.

विषय बदलून विचारते. मे महिन्याचं तिकीट बघू का? स्वस्त मिळतंय. या पत्राला तरी उत्तर हो किंवा नाही असं द्यावं. आशीर्वादांची भुकेली,

आपली,
गिरिजा


॥ श्री ॥

मालवण
२९ सप्टेंबर २००२

चि. सौ. गिरिजास,
अ. उ. आ.

तुमच्या गावात शहाणं माणूस आहे की नाही? नारळ झाडावर काथ्याच्या सोडणासकट लागतो आणि समुद्रात वाहतो तोही सोडणासकट. तू बाजारातून आणलास तो सोललेला. महासागरात त्याचं सोडण कुणी काढलं, देवमाशानं? त्या मंडळींनी नारळ दुकानातच पाहिला असेल, त्यांना वाटलं असेल की झाडालाही तो असाच तपकिरी, केसाळ लागतो. त्यांचं ठीक आहे. पण तू मालवणची. आणि दुसरं, तुमचा किनारा पूर्वेचा. तो प्रवाह येतो पश्चिमेच्या अंगाला. अख्ख्या आयर्लंडला वळसा घालून एक नारळ मिसेस डगनच्या पायाशी येतो काय?

इथं मी बाळूशी एका भुयारासाठी वैर घेतलं, आणि माझी मुलगी काचेच्या पेटीत धडधडीत खोटा इतिहास जाऊ देते. उद्या त्यावर कुणी लेख लिहील. परवा कुणी पदवी घेईल.

तेव्हा ऐक. ती पाटी बदलेपर्यंत मी तुझ्याकडे येणार नाही. तिकीट काढू नये. तू हो किंवा नाही असं विचारलं होतंस, हे माझं उत्तर.

इकडे सर्व ठीक. गुडघा जिना चढताना बोलतो. परत येण्याचं ठरलं की कळव. आपले आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

अण्णा


॥ श्री ॥

स्केरीज
३ नोव्हेंबर २००२

ती. अण्णांना,
गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

उद्या लक्ष्मीपूजन. चकल्या मोडल्या, चिवडा जमला.

पाटी बदलली. मी चिवड्याचा डबा घेऊन मिसेस डगनकडे गेले आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. सोडणासकट. मला वाटलं होतं चिडेल, निदान लाजेल. उलट तिनंच माझी माफी मागितली. म्हणाली, मला काय ठाऊक, मी दुसऱ्याची प्रार्थना उचलून घरी आणली. परत हवी आहे का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे पेटीत, फक्त खरं लिहा. आता तिथं लिहिलंय की कोकणातल्या रीतीनुसार हा नारळ गावातल्या एका बाईनं समुद्राला दिला आणि भरतीनं तो परत आणला. 'गावातल्या एका बाईनं' हे तिचे शब्द, मी सुचवले नाहीत.

मग तिनं विचारलं, मागितलं काय होतंस. मी सांगितलं, वडील यावेत. येणार आहेत का, तिनं विचारलं. मी म्हटलं, दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यात येणार असतात.

तेव्हा ती जे बोलली ते तुम्हाला लिहावं की नाही म्हणून मी आठवडाभर घोळवलं. ही बाई वयाच्या विशीत बोस्टनला गेली होती, वीस वर्षं राहिली, मग परत आली. तिच्या आजीच्या काळी कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात सगळे जमायचे आणि माणूस वारल्यावर इथं जसं रात्रभर बसतात तसं जिवंत माणसाभोवती बसायचे, कारण पुन्हा भेट नाही हे ठाऊक असायचं. तिच्या वेळी ते बंद झालं होतं, विमानं आली होती. तिची आई दर वर्षी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात येते. एकदा कोंबड्या आडव्या यायच्या, एकदा छप्पर, एकदा गुडघा. आई गेल्यावर मावशीनं तिला सांगितलं की तुझ्या आईला यायचंच नव्हतं. लेकीचं तिकडचं स्वयंपाकघर एकदा पाहिलं असतं तर लेक तिथंच राहणार हे तिला मान्य करावं लागलं असतं. न पाहिलेल्या घरातून मुलगी केव्हाही परत येऊ शकत होती.

अण्णा, तुमचं तसं आहे का? पाटीची अट, कौलं, पाऊस, हे सगळं त्यासाठीच आहे का? मला रागवा, पण सांगा.

आणि मीही आता बें बें करणार नाही. आम्ही हे घर विकत घेतोय. विशाल आणि मी उन्हाळ्यातच ठरवलं होतं, तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही. दोन वर्षांनी परत येऊ असं मी लिहीत होते तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, शपथ घेऊन सांगते. आता नाही वाटत. रेवतीचं सगळं इथंच आहे. माझंही हळूहळू इथं होत चाललंय, आणि ते लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतंय. मालवणचं नाव निघालं की अजून हातातलं काम राहून जातं. दोन्ही खरं आहे. काय करू?

रागावलात तरी पत्र लिहावे.

आपली,
गिरिजा


॥ श्री ॥

स्केरीज
१८ डिसेंबर २००२

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

दीड महिना झाला, पत्र नाही. फोन केला तर तुम्ही लाइन खराब आहे म्हणून ठेवलात. लाइन खराब नव्हती अण्णा, तुमचा श्वास मला ऐकू येत होता. इथं दुपारी चारला अंधार पडतो. मी कामावरून येते आणि दाराखाली पडलेलं टपाल चाळते, सगळी बिलं आणि पिझ्झाची पत्रकं. दोन ओळी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील, तुमच्या अक्षरात असू देत.

गिरिजा


॥ श्री ॥

मालवण
२० जानेवारी २००३

चि. सौ. गिरिजास,
अण्णांचे अ. उ. आ. सोबत तिळगुळाची पुडी आहे. कस्टमवाल्यांनी खाल्ली तर त्यांचं तरी तोंड गोड होईल.

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हा मी ते पडवीत वाचलं आणि रडलो. लपवत नाही. बाळू नेमका त्याच वेळी बांगडे घेऊन आला. त्याला वाटलं तिकडे कुणी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही रे, चांगली बातमी आहे, पोरीनं घर घेतलं. तो बिचारा बांगडे साफ करून देऊन गेला.

मग राग आला. तुझा नव्हे, त्या मिसेस डगनचा. समुद्रापलीकडच्या म्हातारीनं माझी पाटी वाचावी? मी महिनाभर तुला उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात मी सिद्ध केलं होतं की कौलं खरोखर गळतात. ती गळतात हे खरं आहे. पण डगनबाईंच्या आईला अक्कल होती आणि तिच्यात नि माझ्यात फरक नाही, हेही खरं आहे. मी येत नव्हतो ते एवढ्याचसाठी. तुझं घर मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते नव्हतंच. तू कुठेतरी प्रवासाला गेली होतीस, गाडी चुकली होती, उशीर होत होता, इतकंच. तीन वर्षं मी रात्री कडी घालताना असं समजत होतो.

शाळेत मुलांना शिकवताना मी सांगायचो की माणसं जिथं राहतात तिथला इतिहास त्यांचा होतो. रेवतीनं त्याच पत्रासोबत पाठवलेल्या मराठी ओळीत 'आमच्या बुरुजावर' असं लिहिलंय. व्याकरण बरोबर आहे. मी ते पुष्कळ वेळा वाचलं. तिचा बुरूज तो, आणि आजोबांनी तो पाहिलेला नाही, हे काही बरं नव्हे.

तेव्हा मे महिन्याचं तिकीट काढ. व्हिसासाठी तुमच्याकडून निमंत्रणाचं पत्र लागतं म्हणे, ते विशालरावांकडून पाठव. तीन महिने राहीन. कानाचं मशीन कुडाळला जाऊन मापाचं करून आणलं. त्यातून स्वतःचं चावणं ऐकू येतं, ते काही मला आवडलेलं नाही.

अजून एक कळवायचं राहिलं. वरची तुझी खोली तू गेलीस तशीच ठेवली होती. पलंगावर तीच चादर, खिडकीशी तुझं टेबल. दर शनिवारी मी वर जाऊन केर काढायचो, गुडघा त्यामुळेच बोलायचा. शाळेत या वर्षी एक नवीन बाई आल्या आहेत, सुचित्रा नाव, नवरा मुंबईला, पदरी लहान मूल. त्यांना जागा मिळत नव्हती. संक्रांतीला मी ती खोली त्यांना दिली. तुझी पुस्तकं ट्रंकेत भरून खाली आणली, चादर धुऊन त्यांनाच दिली. आता वर मूल रडतं, मशीन लावलं की ऐकू येतं.

तू इकडे येशील तेव्हा खाली माझ्या खाटेवर झोप. मी पडवीत अंथरूण टाकीन. आपल्या घरी पाहुण्यांची सोय तशीच करतात.

सर्वांना आशीर्वाद. जीव लावलास, तो तसाच लावून ठेव.

अण्णा